स्त्रीवादी ग्रंथसंग्रह आणि स्त्री-कलावंत : देसाईगंज ते दहिसर

प्रस्तावना

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली छापला गेला आणि त्यानंतर जवळजवळ ९० वर्षे तो विस्मृतीत पडून राहिला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला तेव्हा बुलढाण्याच्या या लेखिकेला नवा वाचकवर्ग मिळाला. आज मराठी स्त्रीवादाचा कोणताही अभ्यासक्रम ताराबाईंना वगळून पूर्ण होत नाही. या पुनर्शोधाचे श्रेय संशोधकाच्या चिकाटीला आहे तसेच ते कागदालाही आहे. छापील प्रत कोठेतरी शिल्लक होती, म्हणूनच ती सापडू शकली.

ताराबाई लिहीत होत्या त्याच काळात फडावर नाचणाऱ्या, जात्यावर ओव्या रचणाऱ्या, भिंतीवर चित्रे रेखणाऱ्या, लग्नमंडपात गाणाऱ्या असंख्य स्त्रिया महाराष्ट्रात होत्या. त्यांची कला कागदावर उतरली नाही. त्यामुळे ९० वर्षांनी एखाद्या मालशेंना सापडावे असे काही उरलेही नाही. ग्रंथालय हे ग्रंथांचे आलय असेल तर या स्त्रियांना तेथे जागा कशी मिळणार, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रीवादी ग्रंथसंग्रहांपुढे उभा राहिला. त्याला दिलेल्या उत्तरातून ग्रंथालयाची व्याख्याच बदलली. स्त्री-कलावंत हा संग्रहाचा केवळ विषय न राहता ती नोंदीची सहकर्ती झाली. प्रस्तुत लेखात या बदलाचा महाराष्ट्रातील इतिहास मांडला असून वैनगंगेच्या खोऱ्यातील स्त्री-कलावंतांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

चळवळीतून ग्रंथालयाकडे

या इतिहासाचा आरंभ मुंबईत झाला असे सामान्यतः मानले जाते. तो काहीसा मागे नेला तर देसाईगंजला पोहोचावे लागते. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील, आणि १९८२ नंतर गडचिरोली जिल्ह्यात समाविष्ट झालेल्या देसाईगंज (वडसा) येथील पोलीस ठाण्यात १९७२ साली एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार 'मथुरा खटला' या नावाने देशाला परिचित आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपी पोलिसांना दोषी ठरविले; सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांची निर्दोष मुक्तता केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राच्या पडसादातून १९८० साली मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' हा गट स्थापन झाला व पुढे तो 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन' या नावाने कार्यरत राहिला. बलात्काराच्या कायद्यात १९८३ साली झालेली दुरुस्ती ही या आंदोलनाची सर्वज्ञात फलश्रुती होय.

कमी चर्चिली गेलेली दुसरी फलश्रुती म्हणजे कागदपत्रांचा आणि कलाकृतींचा साठा. मोर्चा, सभा, पथनाट्य यांबरोबर पत्रके, पोस्टर, गाणी निर्माण होत होती आणि आंदोलन ओसरले की ती घराघरांतून विखुरली जात होती. या गटाच्या संस्थापक सदस्यांपैकी एक असलेल्या सोनल शुक्ल (१९४१-२०२१) यांनी १९८७ साली सहकाऱ्यांसह मुंबईत 'वाचा' हे स्त्रियांचे ग्रंथालय व सांस्कृतिक केंद्र सुरू केले. संस्कृत शब्द म्हणून 'वाचा' म्हणजे वाणी, आणि मराठीत तोच शब्द वाचनाचे आवाहनही होतो. ग्रंथालय आणि आवाज यांची अशी सांगड घालणारे नाव अन्य भाषेत क्वचितच साधले असते. पुस्तक वाचणे आणि स्वतःचे म्हणणे बोलून, गाऊन, अभिनयातून मांडणे या दोन क्रिया येथे वेगळ्या मानलेल्या नव्हत्या. पुढे महापालिकेच्या शाळेतील जागेत काम करताना ही संस्था प्रामुख्याने वस्त्यांमधील किशोरवयीन मुलींकडे वळली.

या घडामोडींना विद्यापीठीय पार्श्वभूमीही होती. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले होते. भारतीय विद्यापीठातील अशा स्वरूपाचे ते पहिलेच केंद्र. अहवाल, प्रबंध, नियतकालिके यांची जमवाजमव तेथे होऊ लागली. मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नोंद हवी असते ती लिखिताची. ड्युई दशांश पद्धतीत 'स्त्रिया' या विषयाला ३०५.४ आणि रंगभूमीला ७९२ हे क्रमांक आहेत. रात्रभर उभी राहून भूमिका करणाऱ्या आणि सकाळी घरी परतून स्वयंपाकाला लागणाऱ्या नटीचे कथन यांपैकी कोणत्या कपाटात ठेवावे, हे कोणतीही वर्गीकरण पद्धती सांगत नाही.

ग्रंथपालाचे नाटक

ग्रंथालय आणि कला यांच्या संबंधाचे एक विलक्षण उदाहरण या काळात मुंबईतच घडले. 'स्त्री मुक्ती संघटना' १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी ज्योती म्हापसेकर या व्यवसायाने ग्रंथपाल. वास्तुशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाचे ग्रंथालय त्या सांभाळीत. १९८३ साली त्यांनी लिहिलेले 'मुलगी झाली हो' हे नाटक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी रंगमंचावर, चाळींच्या पटांगणात, गावोगावच्या चौकात सादर केले. इतर भारतीय भाषांमध्येही ते गेले. नेपथ्याचा भार नाही, समूहाने उभे राहून गाण्या-बोलण्यातून पुढे जाणारा प्रयोग, आणि बहुसंख्य अभिनेत्री व्यावसायिक नसलेल्या, असे त्याचे स्वरूप होते. हुंडा, मुलीचा जन्म, घरकाम यांविषयीची जी माहिती अहवालांतून साचत होती, ती वाचू न शकणाऱ्या स्त्रीपर्यंत नेण्याचे काम या प्रयोगाने केले.

हे उदाहरण येथे देण्याचे कारण म्हणजे ग्रंथपालन आणि कलानिर्मिती यांमध्ये मानली जाणारी भिंत. ग्रंथपाल जपतो आणि कलावंत निर्माण करतो, अशी श्रमविभागणी आपल्या महाविद्यालयांत इतकी रुळली आहे की ग्रंथपाल दिनाचे प्रदर्शन मांडण्यापलीकडे ग्रंथपालाकडून कोणी काही अपेक्षा करीत नाही. (१२ ऑगस्ट हा ज्यांचा जन्मदिन, त्या डॉ. रंगनाथन यांनीच १९३१ साली ग्रंथालयाला वर्धिष्णू सजीव म्हटले होते, याचा विसर पडलेला दिसतो.)

'स्पॅरो' : संवाद हीच नोंद

वरील प्रवाहांना शास्त्रीय अभिलेखागाराचे रूप दिले ते 'स्पॅरो' या संस्थेने. 'साउंड अँड पिक्चर आर्काइव्ह्ज फॉर रिसर्च ऑन विमेन' या नावाच्या आद्याक्षरांतून चिमणी अवतरते. १९८८ साली मुंबईत हा न्यास स्थापन झाला. संस्थापक तीन : 'अंबै' या नावाने तमिळ कथालेखन करणाऱ्या डॉ. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज. पुढे दहिसर येथील स्वतःच्या वास्तूत हा संग्रह स्थिरावला. संस्थेच्या नावात 'ग्रंथ' हा शब्द नाही. ध्वनी आणि चित्र आहेत. स्त्रियांचा इतिहास लिखितापेक्षा आवाजात, छायाचित्रात, हावभावात अधिक सापडतो, या गृहीतकावर ती उभी आहे.

लक्ष्मी यांचे स्वतःचे आरंभीचे संशोधन तमिळ साहित्यातील स्त्रियांविषयीचे होते. त्या कामातून त्या गायिका, नर्तिका, चित्रकार यांच्या मुलाखतींकडे वळल्या. त्यातून निघालेले दोन ग्रंथ, गायिकांशी संवादांचा 'द सिंगर अँड द साँग' (२०००) आणि नर्तिकांशी संवादांचा 'मिरर्स अँड जेश्चर्स' (२००३), दिल्लीच्या 'काली फॉर विमेन' या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. या ग्रंथांची रचना पाहण्यासारखी आहे. मुलाखतकाराने माहिती घेऊन आपल्या भाषेत चरित्र लिहिले, असे येथे घडत नाही. संवाद हा संवाद म्हणूनच छापला जातो. प्रश्न कोणता होता आणि त्यावर कलावंताने काय सांगितले, हे वाचकाला दिसते. संगीताच्या रूढ इतिहासलेखनात घराणे, गुरुपरंपरा, गाजलेल्या मैफली यांची नोंद होते. संवादाच्या पद्धतीत रियाझाची वेळ कोणी ठरवली, मूल झाल्यावर गाणे किती वर्षे थांबले, प्रवासात सोबत कोण असे, बिदागी कोणाच्या हाती पडे, हे प्रश्नही संगीताचेच प्रश्न ठरतात. गायिकेच्या आवाजाचा इतिहास तिच्या दिवसाच्या वेळापत्रकापासून वेगळा काढता येत नाही, ही जाणीव या पद्धतीच्या मुळाशी आहे.

संस्थेने घेतलेल्या मौखिक इतिहासाच्या कार्यशाळांमध्ये हीच पद्धती समूहापुढे राबविली गेली. कलावंत येते, बोलते, काही सादर करते, श्रोते विचारतात, आणि त्या साऱ्याचे ध्वनिचित्रमुद्रण होते. तयार कलाकृती आणून कपाटात ठेवणे आणि नोंद घडविण्यासाठी कलावंताला बोलावणे, या दोहोंत मूलभूत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात दस्तऐवज अस्तित्वातच नसतो. तो ग्रंथालय आणि कलावंत मिळून निर्माण करतात. काय सांगायचे, काय वगळायचे याचा निर्णयही कलावंताच्या हाती काही प्रमाणात राहतो. इतिहासकाराला हे अडचणीचे वाटू शकते, कारण कलावंत स्वतःची प्रतिमा घडवीत असते. परंतु दरबारी बखरी आणि सरकारी गॅझेटियर यांच्याबाबत हीच अडचण असूनही आपण त्यांना साधन मानतोच.

या पद्धतीचा अवलंब करणारे कलावंत संस्थेबाहेरही होते. सुषमा देशपांडे यांनी १९८९ साली 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग सुरू केला आणि पुढे तमाशातील स्त्रियांना भेटून, त्यांच्याशी बोलून, त्यांच्या आठवणींवर आधारलेला 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' हा प्रयोग उभा केला. ग्वाल्हेर घराण्याच्या गायिका नीला भागवत यांनी स्त्रीच्या दृष्टीने बंदिशी रचल्या. मौखिक इतिहासातून कला आणि कलेतून पुन्हा इतिहास, असे हे चक्र आहे. संग्रह आणि रंगमंच एकमेकांना साहित्य पुरवितात.

या कामाची एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. कलावंत बोलते ती भाषा बहुधा मराठी, तमिळ, कन्नड वा हिंदी; वर उल्लेखिलेले दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. राष्ट्रीय पातळीवर वाचले जाण्यासाठी ते आवश्यक होते, हे मान्य. तरीही जिचे बोलणे ग्रंथरूप झाले तिला वा तिच्या शेजारणीला तो ग्रंथ वाचता येत नसेल, तर सहकार्य अर्ध्यावर थांबते. मूळ ध्वनिफीत जपली जाणे म्हणूनच भाषांतरापेक्षा महत्त्वाचे ठरते.

नाव कोणाचे

स्त्रीवादी संग्रह आणि कलावंत यांच्या संबंधातील सर्वांत नाजूक मुद्दा श्रेयाचा आहे. १९८०च्या दशकातील आंदोलनाची पोस्टर पाहिली तर बहुतेकांवर चित्रकर्तीचे नाव नाही, संघटनेचे आहे. सामूहिकता हे मूल्य होते आणि सही करणे हा अहंकार समजला जाई. 'काली फॉर विमेन'मधून पुढे निघालेल्या 'झुबान' या प्रकाशनसंस्थेने जेव्हा देशभरातील संघटनांकडून अशी पोस्टर गोळा करण्याचा प्रकल्प केला, तेव्हा ही अनामिकता प्रकर्षाने पुढे आली. चळवळीच्या दृष्टीने जे औदार्य होते ते तालिकाकाराच्या दृष्टीने रिकामा रकाना आहे, आणि काही दशकांनंतर त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ 'अज्ञात' असाच होतो. कलेच्या इतिहासात 'अज्ञात' म्हणून गणल्या गेलेल्यांत स्त्रिया किती असाव्यात, हा प्रश्न ज्या चळवळीने विचारला तिच्याच संग्रहात तो पुन्हा निर्माण व्हावा, हे विचार करायला लावणारे आहे.

याच्या उलट टोकाला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या या कामात ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा झाल्या. अलीकडे 'पारी' या उपक्रमाने त्यांचे ध्वनिमुद्रण, भाषांतर व छायाचित्रांसह प्रकाशन केले आहे. ओवी ही तर परंपरेची, कोणा एकीची नव्हे, असे लोकसाहित्याचे अभ्यासक म्हणत आले. या संग्रहाने मात्र गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव प्रत्येक नोंदीसोबत दिले. ओवी पारंपरिक असली तरी ती गाणारी, निवडणारी, तीत स्वतःची ओळ मिसळणारी स्त्री कलावंतच आहे, ही भूमिका या साध्या नोंदीतून सिद्ध होते. साने गुरुजींपासून चालत आलेल्या लोकगीत-संकलनाच्या परंपरेत ही पुढची पायरी मानावी लागेल.

परदेशातील दोन उदाहरणे येथे उपयुक्त आहेत. लंडनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्त्री-चित्रकारांनीच आपल्या चित्रांच्या पारदर्शिका जमा करून एक संग्रह सुरू केला. कोणीही स्त्री-कलावंत आपल्या कामाच्या पारदर्शिका तेथे ठेवू शकत असे. गुणवत्तेची चाळणी नव्हती. 'विमेन्स आर्ट लायब्ररी' या नावाने तो आता गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात आहे. ग्लासगोचे स्त्री-ग्रंथालय १९९१ साली स्थापन झाले तेही कलाक्षेत्रातील स्त्रियांच्या गटातूनच. १९९० साली ते शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होणार होते आणि त्या सोहळ्यात स्त्रियांना स्थान मिळावे यासाठी हा गट झटत होता. ग्रंथालयाला २१ वर्षे होताना २१ स्त्री-चित्रकार व २१ लेखिकांना संग्रह पाहून नवी कृती करण्यास पाचारण करण्यात आले. चित्रकारांच्या कृतींच्या मर्यादित प्रती विक्रीस ठेवल्या गेल्या. संग्रहाने कलेला विषय पुरवावा आणि कलेने संग्रहाला आधार द्यावा, अशी ही व्यवस्था होती. भारतीय संस्थांना तिचे अनुकरण जसेच्या तसे शक्य नाही, कारण आपल्याकडील बहुसंख्य स्त्री-कलावंतांची कला विकता येईल अशा वस्तूच्या रूपात नसते.

वैनगंगेच्या खोऱ्यात

देसाईगंजची घटना मुंबईतील स्त्रीवादी संघटनांना आणि पर्यायाने त्यांच्या ग्रंथसंग्रहांना कारण ठरली, हे वर पाहिले. त्याच देसाईगंजला, म्हणजे वडशाला, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांची कार्यालये उघडतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. दंडार आणि खडी गंमत यांमध्ये पूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. नाटकांत स्त्रिया येऊ लागल्या तशा स्थानिक मुलींबरोबर नागपूरकडच्या अभिनेत्रीही हंगामापुरत्या येथे राहू लागल्या. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि येथील लोककला यांचा पायाभूत अभ्यास केला, डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीकडे देशाचे लक्ष गेले. या रंगभूमीवरील स्त्रियांचे स्वतःचे कथन हा अभ्यासाचा पुढचा टप्पा आहे. नाटकाच्या जाहिरातीत नटीचे नाव ठळक असते, कारण त्यावर तिकिटे विकली जातात. पत्रक हंगाम संपला की रद्दीत जाते आणि नावही त्याबरोबर जाते. पोस्टरवरील अनामिकतेच्या नेमके उलट असे हे चित्र आहे. परिणाम मात्र एकच.

नटी निदान व्यवसायाने कलावंत म्हणून ओळखली जाते. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील बपेरा परिसरात रोवणीच्या वेळी, लग्नात वा भुलाबाईसमोर गाणाऱ्या स्त्रियांना ती ओळखही नाही. पलीकडे बालाघाट जिल्हा. या पट्ट्यात मराठी, पोवारी, हिंदी अशा भाषा एकाच घरात ऐकू येतात आणि लग्नामुळे मुली सीमा ओलांडून येतात-जातात. एका गीताच्या नोंदीत 'भाषा' या रकान्यात काय लिहावे आणि 'प्रदेश' या रकान्यात माहेरचे राज्य लिहावे की सासरचे, हे प्रश्न येथे तांत्रिक राहत नाहीत. राज्यनिहाय लोकगीतसंग्रहांत अशी गीते दोन्हीकडून निसटण्याचा धोका असतो. गाणारीलाच विचारले तर ती गीत कोणाकडून शिकली हे सांगते, आणि त्या एका उत्तरात दोन जिल्ह्यांचा सोयरसंबंधांचा इतिहास असतो.

महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यायचे तर कायद्याची बाजू माहीत असणे इष्ट. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ मध्ये सादरकर्त्याचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला. २०१२च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे नैतिक हक्क, म्हणजे आपले नाव लावले जावे आणि सादरीकरणाची मोडतोड होऊ नये हे हक्कही मान्य झाले. केवळ अध्यापन वा संशोधन यांसाठी प्रामाणिकपणे केलेले मुद्रण या हक्काचा भंग ठरत नाही, अशी सवलत कलम ३९ मध्ये आहे. प्राध्यापकाला ही सवलत सोयीची वाटते आणि येथेच स्त्रीवादी संग्रहाची रीत वेगळी होते. कायदा परवानगी मागत नाही तेथेही ती मागणे, मुद्रणाची प्रत कलावंताला देणे, काही भाग वगळण्याची तिची इच्छा असल्यास ती पाळणे आणि तालिकेत तिचे नाव कर्ती म्हणून लावणे, या चार गोष्टी केल्याशिवाय ध्वनिफितींचा ढीग म्हणजे पुन्हा एकदा दुसऱ्याचा ऐवज आपल्या कपाटात, एवढेच होईल. चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि ती करण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

वेळेचा प्रश्न अधिक बिकट आहे. नटीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपतो. महाविद्यालयाचे दुसरे सत्र नेमके तेव्हाच चालू असते आणि तिला सवड मिळते तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षा असतात. धानाच्या बांधीत गाणाऱ्या बाईला आषाढात बोलायला उसंत नसते. उरतो तो रोवणी आटोपल्यापासून भुलाबाई बसेपर्यंतचा काळ, श्रावणाच्या उत्तरार्धापासून भाद्रपदाच्या पौर्णिमेपर्यंत. त्या दिवसांत महाविद्यालये उघडी असतात, विद्यार्थिनी गावाहून ये-जा करीत असतात, आणि त्यांच्यापैकी अनेकींच्या घरी आजी असते.